पंचगंगा तुमच्या स्क्रीनवर दिसत नाही
मोठ्या दुकानसाखळ्यांच्या खरेदी आणि पुरवठा विभागांना कोल्हापुरातून खुलं पत्र

मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या ऑफिसांत बसून आमच्या दुकानांच्या ऑर्डरी ठरवणाऱ्या सर्व साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात एका सुपरमार्केटचं गोडाउन सांभाळते. ट्रक मागच्या शटरला लागला की माल मोजून आत घ्यायचा, नोंद करायची, रॅकवर चढवायचा, एक्स्पायरी जवळ आलेला बाजूला काढायचा, हे माझं तेरा वर्षांचं काम. त्याआधी दोन वर्षं बिलिंगला होते. दुकानाचं नाव घालत नाही, कारण गोष्ट एका दुकानाची नाही. राजारामपुरीपासून इचलकरंजीपर्यंत याच कामातल्या ज्या ज्या माणसांशी बोलले, त्यांनी हेच सांगितलं.

माझं मागणं एकच आहे. तुमची सिस्टीम आमच्यासाठी जी ऑर्डर काढते, तिच्या आकड्याला दुकानातल्या माणसाला हात लावू द्या. आज तो आकडा कुलूप लावूनच येतो. बदल हवा असेल तर आधी एरिया मॅनेजरला ईमेल, त्यांच्याकडून कॅटेगरी मॅनेजरला, तिथून मंजुरी. ती येईपर्यंत ट्रक भरून निघालेला असतो.

हे मागणं मनात कधी पक्कं झालं ते आधी सांगते.

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पावसाळ्यात रस्त्यात दोघं भेटले की पहिला प्रश्न 'किती फूट झालं?' हाच. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली गेला आणि शहर जवळपास आठवडाभर तुटलं. पाणी उपसायचे पंप बुडाले, नळ कोरडे पडले. पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं.

आमचं दुकान उंचावर आहे, त्यामुळं आत पाणी आलं नाही. जेवढी माणसं पोचू शकली तेवढ्यांनी शटर उघडं ठेवलं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पाण्याच्या बाटल्या संपल्या. संध्याकाळपर्यंत मेणबत्त्या, काडेपेट्या, ब्रेड. दुसऱ्या दिवशी दूध पावडर, बटाटे, डायपर, सॅनिटरी पॅड. तिसऱ्या दिवशी एक ताई आली, कडेवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. पुरातून नावेतून बाहेर काढलेली, पाहुण्यांकडं उतरलेली. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा एक डबा द्या म्हणाली. नव्हता. नाही हे माहीत असूनही मी गोडाउनात जाऊन सगळे रॅक पुन्हा एकदा पाहून आले, कारण तिच्यासमोर उभं राहून नाही म्हणवेना. आत थंड पेयांचे १४० खोके छतापर्यंत लावलेले होते. पंधरा ऑगस्टच्या सेलसाठी तुम्ही आठ दिवस आधी पाठवलेले. आमच्या रोजच्या मालाचा ट्रक कराडजवळ अडकून पडला होता, आणि त्यात त्या पावडरीचे डबे होते. नंतर बिलटी पाहिली तेव्हा कळलं.

पूर तुम्ही आणला नाही. पण त्यानंतर जे झालं ते तुमच्याकडं झालं, आणि ते मी कधी विसरणार नाही.

हायवे सुरू झाला, माल यायला लागला. सप्टेंबरची ऑर्डर उघडून पाहिली तर बाळाच्या पावडरीची संख्या नेहमीच्या निम्म्यावर. पाण्याच्या बाटल्याही कमी. आणि मेणबत्त्या? नेहमी महिन्याला चार खोकी लागतात, त्या जागी एकवीस. मला वाटलं कुणाच्या तरी हातून चूक झाली. मग बसून विचार केला तेव्हा उमगलं की चूक कुणाची नव्हती, सिस्टीमनं तिला शिकवलेलंच केलं होतं. ती मागच्या काही आठवड्यांची विक्री बघते. बाळाची पावडर पुराच्या सुरुवातीलाच संपली आणि पुढं माल येईपर्यंत विक्री शून्य. सिस्टीमनं त्या शून्याचा अर्थ 'कोल्हापुरात कुणाला पावडर नको' असा घेतला. मेणबत्त्यांचं उलट झालं. एका गृहस्थांनी पूरग्रस्तांच्या छावणीसाठी होता नव्हता तेवढा सगळा माल एका बिलावर उचलला होता. सिस्टीमला वाटलं गिऱ्हाईक वाढलं.

माल नव्हता म्हणून विकला गेला नाही, आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून विकला गेला नाही, या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्या स्क्रीनवर दोन्ही शून्यं सारखीच दिसतात. माझ्या डोळ्यांना मात्र वेगळी दिसतात, कारण परत गेलेली माणसं मी पाहिलेली असतात. त्या दिवसांवर खूण करून 'हे धरू नका' एवढं सांगायची सोय दुकानात असती, तर पुराच्या पुढच्या महिन्यात आयांना दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं जावं लागलं नसतं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या पुढं गेलं. हायवे पुन्हा बंद. आमची ऑर्डर पुन्हा तशीच आली होती.

ऑर्डर कशी निघते हे मला समजतं, शिकून घेतलंय. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक हाताशी ठेवायचा जादा साठा. समजा एक लिटर तेलाच्या पिशव्या रोज ४० जातात आणि ट्रक तीन दिवसांनी येतो. म्हणजे १२०. वर ८० जादा धरल्या तर २०० पिशव्या उरल्या की नवी ऑर्डर सुटली पाहिजे. हिशोब चोख आहे. पण त्यातला 'तीन दिवस' हा आकडा जानेवारीतला आहे. जुलैच्या शेवटी तोच ट्रक नऊ दिवसांनी येऊ शकतो, आणि मग नुसत्या वाटेतल्या खपालाच ३६० पिशव्या लागतात. रोजचा खप तुम्ही दर आठवड्याला नव्यानं मोजता. वाटेचे दिवस एकदा टाकले की वर्षभर तेच. आमच्याकडं खपापेक्षा वाटच जास्त बदलते. उत्तरेला वारणा आणि पंचगंगा, पश्चिमेला घाट, आणि शहराकडं येणारे अर्धे रस्ते कुठल्या ना कुठल्या बंधाऱ्यावरून. बंधारा पाण्याखाली गेला की रस्ता गेला.

आणि हे अचानक होत नाही, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. आम्हाला दोन-तीन दिवस आधी कळतं. धरणक्षेत्रात पाऊस किती, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, राजाराम बंधारा किती फुटांवर, हे आकडे जिल्हा प्रशासन दिवसातून अनेकदा सांगतं. ते वाचून घराघरांत तांदूळ-डाळीचा अंदाज बांधला जातो. राधानगरीचे दरवाजे उघडले की माझी सासू गॅसची टाकी बघते, पिठाचा डबा बघते, आणि कमी असेल तर त्याच दिवशी गिरणीला डबा पाठवते. घर चालवणाऱ्या बाईला जे अधिकार आहेत, ते मला नऊ हजार चौरस फुटांच्या दुकानात नाहीत.

आता दुसरी गोष्ट. हिला पुराची गरज लागत नाही, ही रोज घडते.

स्क्रीन सांगते तूरडाळीची एक किलोची १८ पाकिटं शिल्लक. रॅकवर एक नाही. गोडाउनात एक नाही. पण १८ दिसतात म्हणून सिस्टीम नवी ऑर्डर काढत नाही. गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं. अशी डाळ एकदा अकरा दिवस गायब होती. तुमच्या रिपोर्टात त्या दुकानात डाळीचा 'स्टॉक उपलब्ध' असंच लागलेलं होतं. कागदावर असलेला आणि जमिनीवर नसलेला हा माल मी भुताचा माल म्हणते.

तो कुठून येतो हे शोधायला मी दोन महिने रोज रात्री दुकान बंद झाल्यावर एकेक रॅक मोजला. चोरी असेल असं सगळे म्हणत होते. थोडी चोरी निघाली, उंदरांनी फोडलेली पाकिटंही निघाली. पण सगळ्यात जास्त घोळ निघाला तो काउंटरवर. गिऱ्हाईकानं पाच साबण घेतले, किंमत एकच, वास वेगळे: दोन चंदन, दोन लिंबू, एक गुलाब. रांग मोठी असते. मुलगी वरचा चंदन स्कॅन करते आणि पाच दाबते. पैसे बरोबर, बिल बरोबर. पण स्टॉकमधून पाच चंदन वजा झाले. आता चंदन रॅकवर असून स्क्रीनवर कमी, आणि गुलाब संपत आला तरी स्क्रीनवर भरलेला. महिन्याभरानं चंदनाची खोकी येत राहतात आणि गुलाब मागणारी बाई दुसऱ्या दुकानात जाते. आवक घेतानाही असंच होतं. कंपनी खोक्यात बाराऐवजी दहा नग भरायला लागली, तुमच्याकडं बाराच राहिले, की प्रत्येक खोक्याला दोन भुतं.

मी त्या मुलींना रागावले नाही. मी स्वतः दोन वर्षं तेच केलंय. सणाच्या गर्दीत एका बिलाला किती सेकंद लागले याचा हिशोब तुम्ही ठेवता, आणि पगारवाढ त्यावर ठरते. एकेक नग स्कॅन करायला वेळ द्या, मग साबण बरोबर वजा होईल. बारकोडचं पहिलं पाकीट दुकानाच्या काउंटरवर स्कॅन झालं ते १९७४ साली, अमेरिकेत ओहायोमध्ये, च्युइंगमचं पाकीट होतं. पन्नास वर्षांत यंत्र कुठल्या कुठं गेलं, पण आजही त्याला तेवढंच कळतं जेवढं त्याच्यासमोर धरलं.

या भुतांवर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. वर्षातून एकदा रात्रभर जागून सगळं दुकान मोजायचं आणि सकाळी डोळे चोळत शटर उघडायचं, त्याऐवजी रोज दुपारी दोन ते तीन, गर्दी नसताना, तीस वस्तू मोजायच्या. जास्त खपाच्या आधी. फरक सापडला की तिथंच दुरुस्त. मी आमच्याकडं हे गुपचूप करत होते. पण दुरुस्ती करायचा अधिकार ऑडिटवाल्यांकडं, आणि ते तीन महिन्यांतून एकदा येतात. माझ्या वहीत खरा आकडा आणि सिस्टीमवर खोटा, असे नव्वद दिवस काढायचे. त्या वहीचं मी काय करू?

चटणीचंही सांगायला हवं. कोल्हापुरात मार्च ते मे या दिवसांत घरोघरी वर्षाची चटणी होते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, ज्याच्या त्याच्या घरचं माप. सोबत धणे, तीळ, खोबरं, खसखस, लसूण, आलं, गरम मसाल्याचं सगळं सामान. उन्हात वाळवायचं, भाजायचं, डंकावर कुटून आणायचं. एप्रिलमध्ये अख्खे धणे किलोकिलोनं जातात. तुमच्याकडून एप्रिलमध्ये येतात शंभर ग्रॅमची पाकिटं आणि तयार मिरची पूड. मेअखेर सिस्टीमला जाग येते, विक्री वाढली म्हणून. जूनमध्ये धण्याच्या गोणी येतात. तोवर डंक थंडावलेले असतात, बाहेर पाऊस लागलेला असतो, आणि ते धणे ओल धरून कीड पकडतात. दोन वर्षांपूर्वी मी ३८ किलो धणे स्वतःच्या हातानं निकामी नोंदवून टाकले. शेतातून आलेला चांगला माल होता. फक्त सहा आठवडे उशिरा आला.

दिवाळीचं गणित त्याहून सोपं आहे, तरी चुकतं. तुम्ही मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करता. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ ला अधिक महिना येत असल्यानं ते ८ नोव्हेंबरला जातं. इंग्रजी आठवड्यावर चाललेली सिस्टीम दोन वर्षं माल उशिरा आणेल आणि तिसऱ्या वर्षी अडीच आठवडे आधी. अधिक महिन्याची तर तिला कल्पनाच नाही. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, अनारशांचं वाण देतात, पुरण घालतात. गूळ, तांदूळ, खसखस, तूप, चणाडाळ सगळं वर जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच तारखांना काहीच नसतं. पंचांग बघणाऱ्याला हे आधीच ठाऊक असतं.

आणि दुधाचा फरक. हा शब्द तुमच्या ऑफिसात कुणी ऐकला आहे का, मला माहीत नाही. इथं गावोगावी दूध संस्था आहेत. दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं, आणि दिवाळीच्या आधी वर्षभराच्या दुधावर फरक म्हणून जादा रक्कम वाटली जाते. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी या तालुक्यांतल्या बायकांच्या हातात तो पैसा येतो आणि मग तेलाचे डबे, मैदा, रवा, साखर, पातेली, मुलांचे कपडे. फरक वाटल्यावर चौथ्या दिवशी आमच्या पार्किंगमध्ये टेम्पो उभे राहतात, एका गावातल्या दहा-बारा बायका मिळून आलेल्या. तो वाटप कधी होणार हे आमच्या हेल्परला आठवडाभर आधी ठाऊक असतं, कारण त्याच्या घरी तीन म्हशी आहेत. खप आधी ओळखायला तुम्ही मोठमोठी सॉफ्टवेअरं घेता. त्या मुलाला कुणी कधी विचारलं नाही.

एक्स्पायरीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर बोलले की माझा तोल जातो. मार्चअखेर टार्गेटसाठी मोठ्या गोदामातून माल ढकलला जातो. मी ट्रकमधून उतरवतानाच तारीख बघते: नऊ महिने टिकणाऱ्या बिस्किटाला सात आठवडे उरलेले. माल परत पाठवायची मुभा नाही, कारण 'सिस्टीममध्ये जीआरएन झालं', म्हणजे माल मिळाल्याची नोंद पडली. आधी आलेला माल आधी विकायचा ही शिकवण सगळ्यांना दिली जाते, पण आधी संपणारा आधी विकला पाहिजे, आणि ते दोन्ही नेहमी एकच नसतं. काल आलेल्या खोक्याची तारीख परवाच्या खोक्याच्या आधीची असते. ऑनलाइन विकणाऱ्यांना अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये सांगितलं की गिऱ्हाईकाच्या हातात पडताना खाद्यपदार्थाचं निदान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस उरलेले असावेत. तुमच्या गोदामातून दुकानात येणाऱ्या मालाला तुम्ही स्वतःहून असा नियम लावू शकता. त्याला कुणाच्या आदेशाची वाट कशाला पाहायची?

मला सिस्टीम नको आहे असं समजू नका. मी आधीचे दिवस पाहिलेत. मॅनेजरच्या मनात येईल तसा माल मागवला जायचा, ओळखीच्या सेल्समनला चारदा जादा ऑर्डर मिळायची, आणि गोडाउनात चालायला वाट नसायची. आजही दुकानातल्या बहुतेक वस्तूंना मी बोट लावणार नाही. साबण, टूथपेस्ट, चहा, मीठ, तुमचा आकडा माझ्यापेक्षा चांगला निघतो. काही मॅनेजर या मुभेचा गैरवापर करतील ही तुमची भीतीही खोटी नाही. मग मर्यादा घाला. आकडा दीडपटीपर्यंत वाढवता यावा, निम्म्यापर्यंत कमी करता यावा, बदलताना कारण लिहिणं सक्तीचं असावं आणि महिनाअखेर कुणाचा आकडा खरा ठरला ते तपासावं, सिस्टीमचा की दुकानाचा. माझा आकडा सारखा चुकत असेल तर माझा अधिकार काढून घ्या. फक्त पावसाळ्यापुरती, ठरावीक वस्तूंना ही मर्यादाही नसावी.

त्या वस्तूंची यादी माझ्याकडं तयार आहे. २०१९ च्या पुरानंतर मी ती मार्करनं पुठ्ठ्यावर लिहिली आणि गोडाउनच्या शटरला आतून लावली. एकतीस वस्तू आहेत. वरून पहिली बाळाच्या दुधाची पावडर, मग पाणी, ओआरएस, मेणबत्ती, काडेपेटी, पॅड, डायपर, दूध पावडर, तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साखर, जंतुनाशक, टॉर्चचे सेल. प्रत्येकीपुढं नऊ दिवसांना पुरेल एवढा आकडा आहे. दर मे महिन्यात मी तिचा फोटो काढून वरच्या ऑफिसला ईमेल करते. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर येतं आणि जुलैची ऑर्डर तशीच येते.

यंदाही मे महिन्यात फोटो पाठवणार आहे. एकतीस आकडे सिस्टीममध्ये चढवायला मला वीस मिनिटं लागतील. रोहिणी निघायच्या आत तेवढा अधिकार माझ्या लॉगिनला जोडून द्या.

आपली,
एक गोडाउन इनचार्ज
कोल्हापूर